घोडीची कंबर, कडवळाचे फुटवे आणि चाळीस वर्षांची घोड्यांची मासिकं: एक प्रकरण

शहादा तालुक्यातल्या एका घोडीचं हे प्रकरण आहे आणि तिच्या निमित्ताने घोड्यांच्या मासिकांचंही. घोडी आजारी पडली तेव्हा त्या घरात एकाच अमेरिकन मासिकाचे साधारण चाळीस वर्षांतले अंक पत्र्याच्या पेटीत पडलेले होते, मधली काही वर्षं गायब, काही अंकांना वाळवी लागलेली, पण तरी भरपूर. त्यामुळे एकाच दुखण्याबद्दल त्या मासिकाने १९८० च्या आसपास काय छापलं, २००० नंतर काय छापलं आणि आता मोबाईलवर काय टाकतात हे शेजारी शेजारी ठेवून वाचता आलं, तेही घोडी समोर उभी असताना, म्हणजे वाचलेलं लगेच ताडून बघता येत होतं. मासिकाचा दर्जा घसरला की सुधारला यावर गप्पा पुष्कळ होतात, कागद, फोटो, छपाई वगैरे. पण दर्जा म्हणजे नेमकं काय हे मला या प्रकरणातून जेवढं कळलं तेवढं आधी कधी कळलं नव्हतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

आधी घोडी. कुमैत रंगाची, पंचकल्याणी, मारवाडी, सात वर्षांची. सारंगखेड्याच्या यात्रेत घेतलेली. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, तापीच्या काठी एकमुखी दत्ताचं मंदिर आहे, दत्त जयंतीला म्हणजे मार्गशीर्ष पौर्णिमेला तिथे यात्रा भरते आणि घोड्यांचा बाजार हे तिचं मोठं आकर्षण, मारवाड, काठियावाड, पंजाब, उत्तर प्रदेश सगळीकडून घोडे येतात. घोडीचे मालक आमच्या नात्यातलेच, सगळे त्यांना आबा म्हणतात. लग्नसराईत घोडी वरातीला जाते, बाकी वर्षभर शौक. खरारा, नाल, चंदी यात आबांची कधी कसूर नाही.

पोळा झाला आणि आबांच्या लक्षात आलं की घोडी वळताना मागचे पाय एकमेकांत अडकवतेय. चालताना सरळ चालायची, पण गोल फिरवली की मागचा भाग भलतीकडे जायचा. मग शेपूट कायम ओली दिसायला लागली. लघवी थेंबथेंब गळत राहायची, मांड्यांच्या आतल्या बाजूचे केस झडले, कातडी लाल झाली. घोडी सारखी माजावर असल्यासारखं करते म्हणून पहिले काही दिवस तिकडे दुर्लक्षच झालं. एक दिवस मागे सरकवताना ती चक्क बसायला आली तेव्हा आबा घाबरले. गल्लीतले जमले, "आबा, तुनी घोडीले काय व्हयनं?" कोणी म्हणे वारं गेलं, कोणी म्हणे लकवा, म्हातारा नालबंद म्हणाला कमरी आहे.

नालबंदाचं म्हणणं अजिबात टाकाऊ नव्हतं. कमरी हा आपल्याकडचा खरा आजार आहे. गाईबैलांच्या पोटात सेटारिया नावाचा एक धाग्यासारखा जंत राहतो, त्यांना त्याचा फारसा त्रास नाही, पण डास त्याची पिल्लं घोड्यात सोडतो आणि घोडा त्या जंताचं घर नसल्यामुळे ती पिल्लं भरकटतात, पाठीच्या कण्यात शिरली की मागचं अंग लुळं पडतं. पावसाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, डास असताना. आबांच्या गोठ्यात बैल, शेजारी म्हशी, पाण्याचं डबकं, सगळं जुळत होतं. तालुक्याचे पशुवैद्यकीय डॉक्टर आले त्यांनीही पहिला संशय कमरीवरच घेतला आणि तसे उपचार सुरू केले. ते बरोबरच होतं.

आता मासिकं. आबांचे थोरले भाऊ नाना पुण्याजवळ एका स्टड फार्मवर कामाला होते. तिथे परदेशातून घोड्यांची मासिकं यायची, वाचून झाली की रद्दीत जायची, नाना ती गावी आणायचे. डिक्शनरी घेऊन वाचायचे आणि कडेला पेन्सिलने मराठीत लिहून ठेवायचे. नाना गेल्यावर त्यांच्या मुलाने, तो पुण्यात नोकरीला आहे, वडिलांची आठवण म्हणून तेच मासिक स्वतः पैसे भरून चालू ठेवलं, आधी छापील, नंतर फोनवरचं. मी शाळेत इंग्रजी शिकवतो म्हणून आबांना वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं.

पहिला लेख पुण्याहून पुतण्यानेच पाठवला, त्याच मासिकाचा ताजा. मागच्या पायात कमजोरी येण्याची सात लक्षणं असा. फोटो सुंदर, घोडा चकचकीत, पाठीमागे पांढरं कुंपण. सात मुद्दे, प्रत्येक मुद्द्याला दोन ओळी, प्रत्येकात असू शकतं, दिसू शकतं, होऊ शकतं, आणि शेवटी डॉक्टरांना बोलवा. मध्येच सांध्यांच्या पावडरची जाहिरात जी पहिल्या नजरेत लेखाचाच भाग वाटते. चुकीचं एक वाक्य त्यात नव्हतं हे मी मुद्दाम सांगतो. पण त्या लेखात घोडा कुठला, महिना कुठला, खात काय होता, कोणी बघितला, काहीच नव्हतं. आजारांची यादी होती, त्यात ईपीएम नावाचा मज्जारज्जूचा एक आजार होता आणि त्याच्यावर औषध मिळतं असं वाक्य होतं. बस, पुतण्याच्या डोक्यात तेच बसलं, कारण यादीत औषधाचं नाव असलेला तेवढा एकच होता. अमेरिकेहून कोण येतंय, औषध कोण आणेल, किती लाख लागतील, याचे फोन सुरू झाले. पोराची तळमळ खरी होती.

मी पेटी उघडली ती यासाठी की ईपीएम म्हणजे काय हे तरी नीट कळावं. २००० नंतरच्या अंकांत त्याच्यावर लेखच लेख सापडले, कारण २००१ साली त्याच्यावरचं पहिलं मान्यताप्राप्त औषध अमेरिकेत आलं आणि तेव्हा हा विषय तिथे जोरात होता. त्यातला एक लेख आठ पानांचा, उत्तम. तो वाचल्यावर पहिल्याच पानावर प्रश्न मिटला. हा आजार ज्या एकपेशीय परजीवीमुळे होतो तो ओपॉसम नावाच्या प्राण्याच्या विष्ठेतून पसरतो आणि तो प्राणी फक्त अमेरिका खंडात आहे. खान्देशात ओपॉसम नाही, आबांची घोडी कधी समुद्र ओलांडून गेलेली नाही, विषय संपला. आठ पानांच्या लेखात नकाशा होता, कुठल्या भागात जास्त कुठे कमी हे रंगवून दाखवलेलं होतं. आणि त्याच मासिकाच्या ताज्या लेखात ओपॉसमचा उल्लेखसुद्धा नाही. मला हे फार लागलं. जागा वाचवायला कापलं म्हणावं तर फोनवर जागेची काय टंचाई, शंभर पानं टाकली तरी कागद लागत नाही.

मग मागे मागे जात राहिलो आणि १९८० च्या आसपासच्या एका अंकात वाचकांच्या प्रश्नांचं सदर सापडलं. टेक्सासमधल्या एका माणसाचं पत्र. त्याने लिहिलं होतं की माझी घोडी मागे सरकवली की बसते, लघवी गळते, मांड्या भाजल्यासारख्या झाल्यात, सारखी माजावर असल्यासारखी वाटते, ती उन्हाळाभर सुदान गवताच्या हायब्रीड कुरणात चरत होती, मध्ये कोरड पडली, मग पाऊस झाला आणि नवीन फूट आली. एवढं सगळं पत्रातच. आणि उत्तर दोन पानं. उत्तर देणाऱ्या डॉक्टरने आधी सांगितलं की १९६० च्या दशकात अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात अशा घोड्यांच्या नोंदी झाल्या, मग सांगितलं की सुदान गवत आणि ज्वारी ही एकाच कुळातली, त्यांच्या कोवळ्या पानात धुरिन नावाचं द्रव्य असतं, त्यातून सायनाइड सुटतं, थोडं थोडं रोज पोटात गेलं की घोडा पटकन मरत नाही पण कण्याच्या कमरेकडच्या भागातल्या नसा खराब होतात, मूत्राशय लुळं पडतं, लघवी साचून गाळ तयार होतो, जंतुसंसर्ग होतो, आणि बरेचदा घोडा पायाने नाही तर मूत्रपिंडापर्यंत गेलेल्या संसर्गाने मरतो. गाभण घोडी असेल तर शिंगराचे सांधे आखडलेले जन्माला येतात. आणि नीट वाळवलेल्या चाऱ्याने हे सहसा होत नाही, हेही.

त्या पानाच्या कडेला नानांच्या अक्षरात पेन्सिलने लिहिलं होतं, "आपलं कडवळ?" कडवळ म्हणजे हिरव्या चाऱ्यासाठी पेरलेली ज्वारी.

आबांना वाचून दाखवलं तर ते उठून थेट शेतात गेले. त्या वर्षी कडबा महाग होता, दादर ज्वारीचा कडबा मागच्या रब्बीत कमीच आला होता, म्हणून आबांनी बांधाकडच्या तुकड्यात चाऱ्याची ज्वारी टाकली होती. एकदा कापली, मग पावसाने ताण दिला, मग फुटवे आले, आणि ते हिरवे फुटवे घोडीला रोज भारेच्या भारे. बैलांनाही तेच, पण बैलांना काही झालं नाही. आपल्याकडे जनावराला किराळ लागते हे लहान पोराला माहीत आहे, कोवळी ज्वारी खाल्ली की गाय फुगते, थरथरते, तासाभरात जाते, म्हणून सगळे पहिल्या कोवळ्या पिकाला जपतात. आबांनीही जपलं होतं. पण तो झटक्याचा प्रकार झाला, घोड्यातला हा प्रकार महिना दोन महिने मुरत जाणारा, आणि तो आपल्याकडे कोणाच्या बोलण्यातच नाही. आबांचा दुसरा घोडा भावकीतल्या वाड्यावर बांधलेला होता, त्याला कडबा आणि हरभराच मिळायचा, तो ठणठणीत.

दोन्ही पानं घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. मला वाटलं होतं ते रागावतील, तर त्यांनी ती तिथेच उभ्याउभ्या वाचली आणि पहिला प्रश्न केला, हिरवा चारा कोणता देताय? मग नळी टाकून मूत्राशय रिकामं केलं, घट्ट गाळ निघाला. कॉलेजातल्या आपल्या सरांना फोन लावला. म्हणाले कमरी नाहीच असं मी म्हणणार नाही, तो उपचार पूर्ण करू, पण कडवळ आजपासून बंद आणि मूत्राशयाचा इलाज सुरू. अँटिबायोटिक बरेच दिवस चाललं, मूत्राशय धुणं चाललं, मांड्यांना मलम. लघवी काही आठवड्यांत ताब्यात आली, केस परत आले. मागचं अंग सुधारलं पण पूर्ण नाही, आजही झटकन वळवली तर पाय चुकतो. वरातीला जात नाही. आबांनी विकली नाही आणि विकणारही नाहीत.

आता मासिकाकडे येतो, कारण मला जे सांगायचंय ते हे की त्या जुन्या पानाने घोडीचं मूत्रपिंड वाचवलं आणि त्याच मासिकाच्या नव्या पानाने जवळपास एक महागडं, निरुपयोगी औषध मागवायला लावलं होतं. दोन्ही पानं एकाच नावाखाली. मग मधल्या काळात झालं काय?

पेटीतले अंक वर्षावार लावले की ते दिसत जातं. जुन्या अंकांचा कागद भिकार, फोटो काळेपांढरे, काही इतके धूसर की घोड्याचं तोंड कुठलं ते कळत नाही. पण अंकाच्या शेवटी पानंच्या पानं छोट्या जाहिराती, घोडा विकणे आहे, वळू उपलब्ध आहे, खोगीर विकणे आहे, हिवाळ्यातल्या एका अंकात तर वळूंच्या जाहिराती लेखांपेक्षा जास्त. पूर्वी ती नुसती भरताड वाटायची, पण मासिकाचं पोट त्यावरच भरत होतं. माणूस घोडा विकायला जाहिरात द्यायचा, दुसरा घोडा घ्यायला अंक विकत घ्यायचा, आणि त्या पैशात संपादक दोन पानांचं उत्तर लिहायला डॉक्टरला सांगू शकत होता. इंटरनेट आल्यावर घोड्यांची खरेदीविक्री तिकडे गेली आणि मागची पानं गळाली. जाहिरातीची पानं कमी झाली की लेखांची पानंही कमी होतात, कारण दोन्हीचं प्रमाण बांधलेलं असतं. २००८ च्या मंदीत तिकडे घोड्यांचा बाजार पडला. अमेरिकेत २००५ साली ९२ लाख घोडे असल्याचा अंदाज होता, २०१७ साली ७२ लाख. म्हणजे वाचणाराच कमी झाला. वेगवेगळ्या प्रकाशकांची मासिकं एका मालकाखाली आली, एकच लेखक तीन मासिकांना लिहायला लागला, काही मासिकांची त्रैमासिकं झाली. नानांच्या मुलाकडे येणारे अंक या काळात इतके बारीक झालेत की पाठीवर नाव छापायला जागा नाही.

हे पैशाचं कारण सगळेच सांगतात आणि ते खरं आहे. पण मला दुसरं कारण जास्त महत्त्वाचं वाटतं. छापील अंकातला लेख त्या महिन्याचा असायचा. मेच्या अंकात मेचं गवत, ऑगस्टमध्ये माश्या. लिहिणाऱ्याला माहीत असायचं की हे वाचणारा माणूस अमुक प्रदेशातला आहे, म्हणून तो टेक्सासचं टेक्सास म्हणून लिहायचा आणि केंटकीचं केंटकी म्हणून. आता लेख नेटवर पाच वर्षं दहा वर्षं चालला पाहिजे, जगात कोणीही कधीही शोधलं तर त्याला लागू पडला पाहिजे, म्हणून त्यातून महिना काढला, गाव काढलं, पीक काढलं, माणूस काढला. सगळ्यांना लागू करायच्या नादात तो कोणालाच नीट लागू होत नाही. आणि गंमत बघा, टेक्सासचं टेक्सास म्हणून लिहिलेलं शहाद्याला उपयोगी पडलं, कारण त्यात पीक कोणतं, पाऊस कधी, फूट कितवी हे होतं आणि ते आम्हाला आमच्या शेताशी लावून बघता आलं.

ज्या मासिकांनी हे सोडलं नाही ती टिकलेलीही दिसतात. इंग्लंडचं हॉर्स अँड हाउंड १८८४ पासून साप्ताहिक आहे, त्यात कुठली शर्यत कुठली स्पर्धा कुठे झाली, कोण जिंकलं, मैदान कसं होतं हे असतं, म्हणजे जागा आणि तारीख त्याच्या हाडातच आहे.

जुनं तेवढं सोनं असं मात्र मी म्हणत नाही, कारण पेटीतच त्याच्याविरुद्धचा पुरावा आहे. जंताच्या औषधाचं बघा. १९६६ साली केंटकीच्या ड्रज आणि लायन्स या संशोधकांनी घोड्याला ठरावीक अंतराने, साधारण दर दोन महिन्यांनी, जंताचं औषध द्यावं असं मांडलं, त्या वेळच्या मोठ्या रक्तशोषक जंतांसाठी ते योग्य होतं. मासिकाने ते उचललं आणि पुढची कितीतरी वर्षं तेच तेच छापत राहिलं, समोरच्या पानावर जंताच्या औषधाची रंगीत जाहिरात. नानांनी ते वाचून आपल्या घोड्यांना तसंच दिलं. दरम्यान मोठे जंत कमी झाले, छोटे जंत औषधाला दाद देईनासे झाले. अमेरिकन घोडेवैद्यांच्या संघटनेने २०१३ साली सांगितलं की असं कॅलेंडर बघून औषध देणं थांबवा, आधी लीद तपासा, अंडी मोजा, ज्या घोड्यात जास्त आहेत त्यालाच द्या. त्यावरचा मासिकातला लेख मी वाचला आणि तो जुन्या कुठल्याही लेखाच्या तोडीचा आहे, कसं मोजायचं, किती आली तर काय, आधी आम्ही काय छापत होतो आणि ते का बदललं, सगळं. असा लेख आताच्या काळातही निघू शकतो हे त्यावरून कळतं.

दुसरं उदाहरण खुराचं. धान्य जास्त खाल्लं की घोड्याचे खूर आतून सुजतात, चालणं बंद होतं. चंदीचं पोतं फोडून घोडा रात्रभर खाऊन बसला की काय होतं हे यात्रेत दरवर्षी कोणी ना कोणी बघतो. आपले जुने लोक अशा घोड्याला नदीत उभं करायचे. मासिकाच्या जुन्या अंकात याला खेडवळ समजूत म्हणून दोन ओळीत उडवलेलं आहे. आणि २००४ साली ऑस्ट्रेलियात व्हॅन एप्स आणि पॉलिट यांनी घोड्याचा एक पुढचा पाय ४८ तास बर्फाच्या पाण्यात ठेवला तर तो पाय बराच वाचतो हे दाखवलं. त्यानंतरच्या अंकात त्याच मासिकाने मोठा लेख दिला आणि त्यात पाणी किती थंड, किती वेळ, कधी सुरू करायचं हे होतं. यावरूनच कळतं की डिसेंबरच्या तापीचं पाणी तेवढं थंड नाही, बर्फ लागेल, आणि दुखणं दिसायच्या आधी सुरू करावं लागेल. हा लेख नसता तर आपण नदीवरच विसंबून राहिलो असतो.

म्हणजे दर्जाची रेघ सरळ खाली गेलेली नाही. साधारण १९८० ते २००८ या काळात मासिक विज्ञानात सुधारत गेलं आणि तपशीलही टिकवून होतं, तो माझ्या मते त्याचा सगळ्यात चांगला काळ. नंतर विज्ञान चांगलंच राहिलं पण बहुतेक लेखांतून तपशील गेला.

एक गोष्ट मात्र जुन्या नव्या दोन्हीत नाही. टेक्सासच्या त्या घोडीचं पुढे काय झालं? मी पुढचे सगळे अंक चाळले, कुठेच नाही. मालकाने प्रश्न विचारला, डॉक्टरने उत्तर दिलं, विषय संपला. आम्हाला घोडी समोर असताना सगळ्यात जास्त हवं होतं ते हेच, की सहा महिन्यांनी ती कशी होती, चालायला लागली का, माजावर आली का, गाभण राहिली का. आबा रोज विचारायचे, "मास्तर, ती बाईची घोडी वाचली का?" पत्र बाप्याचं होतं, पण आबांच्या डोक्यात का कोण जाणे बाईच बसली होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आणि परदेशी मासिकाकडून सगळंच मागणंही बरोबर नाही. सर्रा घ्या. रक्तातल्या ट्रिपॅनोसोमा नावाच्या परजीवीमुळे होणारा हा आजार, घोडा झिजत जातो, पाय सुजतात, ताप येतो जातो. त्याचा परजीवी १८८० साली ग्रिफिथ इव्हान्स यांना पंजाबातल्या घोड्यांत आणि उंटांतच सापडला. गोमाश्या चावून पसरतो, आपल्याकडे आजही घोडे त्याने मरतात. पेटीतल्या अंकांत मला सर्ऱ्यावर एकही लेख सापडला नाही, कारण तो त्यांच्या वाचकाचा प्रश्नच नाही. ते काम आपलं आहे. हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, तिथे तपासण्या होतात, पण तिथलं ज्ञान सारंगखेड्याच्या तंबूपर्यंत मराठीत पोचत नाही. आपल्या शेतीच्या मासिकांत, वर्तमानपत्रांत गाय, म्हैस, शेळी, कोंबडी सगळ्यांना जागा आहे, घोड्याला क्वचितच. घोडे कमी झाले म्हणून असेल, देशात घोडे आणि तट्टू मिळून २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाखांच्या आसपास होते ते २०१९ मध्ये ३.४ लाखांवर आले. पण कमी झाले म्हणूनच जे उरलेत त्यांच्याबद्दल लिहिलं पाहिजे असं मला वाटतं.

यात्रेत आबांच्या तंबूत यावर बैठक झाली, शहादा, दोंडाईचा, शिरपूर, तळोद्याकडचे घोडेवाले होते. प्रश्न साधा होता, त्या परदेशी मासिकाचे पैसे सगळ्यांनी मिळून भरायचे की ते बंद करून आपलं काहीतरी काढायचं. पुतण्याला बंद करायचं जिवावर आलं होतं, वडिलांची गोष्ट. शेवटी तोच म्हणाला की वडील जे वाचत होते ते आता येतच नाही. ताजं बंद झालं. पेटी मात्र माझ्याकडे आली आणि मी ती वर्षाप्रमाणे न लावता दुखण्याप्रमाणे लावतोय, खूर, पोट, कंबर, कातडी, डोळे, वीण, आणि प्रत्येक उपयोगी लेखाचा मराठीत गोषवारा, नानांच्या कडेच्या नोंदींसकट.

शिवाय वर्षातून चार वेळा चार पानं काढायची ठरली. लेख नाही, प्रकरणं. प्रत्येकात गाव, महिना, घोड्याचं वय, चंदी आणि चारा काय, आधी काय दिसलं, कोणी तपासलं, काय दिलं, आणि सहा महिन्यांनी परत त्याच घोड्याची खबर, ती मेली असेल तर तेही. जाहिराती घ्यायच्या, पण फक्त घोड्यांच्या, खोगिराच्या, नालबंदाच्या, औषधाच्या आणि पावडरच्या नाहीत. यावर वाद झाला कारण पैसे पावडरवालेच देतात. माझं मत मी सोडलं नाही, समोरच्या पानावरच्या जंताच्या जाहिरातीने काय केलं ते अंकांतच दिसतंय.

अडलंय ते एका गोष्टीवर. डॉक्टर साहेब प्रत्येक प्रकरण तपासून द्यायला तयार आहेत, पण नाव छापू नका म्हणतात, सरकारी नोकरी आहे, उद्या कोणी वाचून स्वतःच इंजेक्शन दिलं तर जबाबदारी कोणाची. त्यांची अडचण खरी आहे. माझं म्हणणं असं की ज्या पानाखाली जबाबदार माणसाचं नाव नाही ते पान आणि ती सात लक्षणं यात फरक राहणार नाही. मधला मार्ग म्हणून कॉलेजातल्या त्यांच्या सरांशी बोलणं चाललंय, ते निवृत्त झालेत, नाव द्यायला त्यांची हरकत नसावी.

पहिलं प्रकरण आबांच्या घोडीचंच, आणि ते जूनच्या आत छापून वाटायचंय, कारण कडवळ पेरायचं की मका हे तेव्हा ठरतं. ज्यांनी घोड्याला हिरवे फुटवे घातले आणि घोडा ठीक राहिला त्यांचीही माहिती हवी आहे, किती दिवस, कितवी कापणी, मध्ये पावसाचा ताण पडला होता का, सोबत कडबा किती.